वांगं दाबू नको वो, सोजरबाई

आमच्या दुकानात कोणतीही वस्तू खोक्यातून निघाली आणि थेट खिळ्याला लटकली, असं होत नाही. आधी तिला आमच्या घरी सासुरवास भोगावा लागतो. मी स्वतः तो भोगलाय, म्हणून खात्रीनं सांगते, आमच्या घरात जे टिकतं ते कुठंही टिकतं.

दुकान कामरगावला, बस स्टँडच्या बाजूला. पाटीवर नाव शिवमचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, पण गल्ल्यावर मी बसते. तो मागे दुरुस्तीच्या टेबलावर डोकं घालून बसतो आणि गिऱ्हाइकानं नमस्कार केला तरी स्क्रूकडे बघूनच उत्तर देतो. माझं माहेर शिरपूर जैनचं. तिथं देवळाच्या वाटेवर वडिलांचं दुकान होतं आणि यात्रेकरूंना चार्जर न् कव्हरं विकण्यात माझं लहानपण गेलं. यात्रेकरूचं बरं असतं, वस्तू बिघडली तर तो आपल्या गावी बसून शिव्या देतो. कामरगावात तशी सोय नाही. इथं सकाळी विकलेली केबल संध्याकाळी परत येते आणि सोबत घेणाऱ्याची आईही येते. अशा काही आया झेलल्यावर मी नियमच करून टाकला, की माल आधी घरी वापरायचा आणि मग विकायचा.

त्याप्रमाणे चार्जर आधी गोठ्यात लागतात. गोठ्यातली वीज कधी मरगळलेली असते, कधी एकदम उधळते. तिथं जो चार्जर जळला नाही तो मग कुणाच्या बापाला भीत नाही. इअरफोन मामाजींकडे जातात. मामाजी म्हणजे माझे सासरे, चंपतराव. ते विहिरीवर मोटरीजवळ बसून कीर्तन ऐकतात, आणि मोटरीच्या घरघरीतही बुवांचा शब्द कळला तरच मान डोलवतात. मान डोलली नाही की इअरफोन आल्या खोक्यात परत.

फोनची परीक्षा मात्र आत्याबाईंकडे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गिरजाबाई. गावाला लागून आमची बागायत आहे, वांगी, पालक, मेथी, सांबार. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. माहेरी एकदा पाहुण्यांनी इडली शोधली होती.) ही सगळी भाजी आत्याबाई दर आठवड्याला बाजारात बसून स्वतः विकतात. फोन त्यांच्या पोत्याखाली असतो, त्यावर तराजूची मापं पडतात, ओल्या सांबाराच्या जुड्या पडतात, कधी त्या स्वतःही बसतात. कंपनी म्हणते, फोन पाण्यात अर्धा तास टिकतो. तो आत्याबाईंखाली किती टिकतो, हे कंपनीला कुठून माहीत असणार? ते आम्ही बघतो.

आत्याबाईंचा आवाज हा कामरगावच्या बाजारातला एक ऐवज होता. त्यांनी ‘या वो’ म्हटलं की स्टँडवर उभ्या बसचा कंडक्टर वळून बघायचा. आणि नुसतं ओरडणं नव्हतं ते. कोण आलं, कोण चाललं, कुणाची लेक माहेरी आली आहे, कुणाकडे पाहुणे आहेत, हे बघून त्या त्या बाईला नावानं हाक जायची. नावानं हाक आली की पाय आपोआप वळतो, मग भाजी घेतल्याशिवाय कसं सुटणार.

तर हाच आवाज दिवाळीनंतर बसला. आधी घोगरा झाला, मग मध्येच तुटायला लागला. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, शेवटी अमरावतीच्या घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, ओरडून ओरडून गाठी आल्या आहेत. होळीपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. ऐकलं तर गाठी आपोआप बसतील. नाही ऐकलं तर ऑपरेशन, आणि त्यानंतर आवाज कसा येईल ते सांगता येणार नाही.

मामाजी तर बिचारे गोंधळूनच गेले. इतकी वर्षं त्यांच्या वाट्याचं आत्याबाईच बोलत आल्या होत्या, आता त्यांना स्वतःचा चहा स्वतः मागावा लागला.

“बाजार बंद कर आता,” ते म्हणाले. “माल कारंजाच्या व्यापाऱ्याले देऊन टाकू ठोक भावानं. तू घरी आराम कर.”

आत्याबाईंनी हातातली पळी भिंतीवर फेकली. बोलता येत नसलं तरी म्हणणं कळलं.

त्यांचंही खरं होतं. बाजारातली जागा कागदावर नसते, बसण्यावर असते. पाण्याच्या टाकीजवळच्या कडुनिंबाखालची जागा आत्याबाईंना त्यांच्या सासूकडून मिळाली होती. ती सावलीत आहे आणि दोन वाटा तिथं मिळतात, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा डोळा. शेजारी प्लास्टिकच्या बादल्या विकणारा एक माणूस बसायचा. तो दर बाजारी एक बादली आत्याबाईंच्या पोत्यावर सरकवून बघायचा आणि आत्याबाई दर बाजारी ती पायानं परत सरकवायच्या. आपण बसलो नाही तर जागा गेली, हे त्या जाणून होत्या. आणि बसल्या तर ओरडणार, तेही आम्ही जाणून होतो. गिऱ्हाईक दिसलं की त्यांच्या घशातून हाक सुटायची, त्यात त्यांच्या इच्छेचा काही संबंध नव्हता. ओरडल्या की आवाज गेला, न ओरडता माल पडून राहिला की बसणं परवडणार नाही, मग जागा गेली. या दोन्हींच्या मधून वाट काढायची होती, आणि ती शिवमनं काढली.

“माय, तुहा आवाज आहे मायाजवळ,” तो म्हणाला.

होताच. दसऱ्याच्या सुमारास नवा फोन आला होता, त्याचा माइक गर्दीत कसा चालतो ते बघायला शिवमनं बाजारात चार हात लांब उभं राहून आत्याबाईंचं ओरडणं भरून घेतलं होतं. दुकानात बसून आम्ही ते लावलं. ‘या वो माय, काटेरी वांगी, भरून करा, भाजून करा,’ असा खणखणीत आवाज निघाला. आत्याबाई पहिल्या दोन-तीन हाका ऐकत बसल्या. एरवी आपला आवाज आपल्या कानांनी ऐकायची त्यांना कधी गरज पडली नव्हती. त्यांनी डोळे पुसले आणि मग बोटानं खूण केली, हे लाव बाजारात. दुसरी खूण तोंडावर बोट ठेवून केली, म्हणजे आपला आवाज गेला आहे हे बाहेर कुणालाही सांगायचं नाही. बादलीवाल्याला कळलं तर तो बादल्यांचं गोदामच उघडेल, अशी त्यांना धास्ती होती.

मग आम्ही स्पीकरच्या मागे लागलो. पहिला छोटा, मुठीएवढा. आवाज त्यातून डब्यात बसून बोलल्यासारखा यायचा. शिवाय त्यात एक इंग्रजी बोलणारी बाई होती. चालू केला की ती ‘पॉवर ऑन’ म्हणायची, फोन जरा लांब गेला की ‘डिसकनेक्टेड’ म्हणायची. आत्याबाईंना ती मुळीच आवडली नाही. आपल्याला बोलायची बंदी आणि ही कोण सटवी मध्ये मध्ये बोलते, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. दुसरा स्पीकर चाकांचा, मोठा, त्यात लाल-निळे दिवे. तो अंगणात लावला तर गल्लीतली सगळी पोरं नाचायला आली आणि भाजीपर्यंत कुणाला पोचता येईना. तिसरा मध्यम होता, वर मूठ, खाली जाड जाळी. इंग्रजी बाई त्यातही होती, पण कमी बोलायची.

या तिसऱ्याची आम्ही रीतसर परीक्षा घेतली. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ठेवून आत्याबाईंची हाक लावली, मामाजींना विहिरीवर उभं केलं. त्यांनी हात वर केला, म्हणजे आवाज पोचला. पालकाला पाणी चालू होतं त्यात तो एकदा पडला, उचलून झटकला तर चालू. सायकलवरून पाडला, मुद्दाम. भर दुपारी पत्र्यावर ठेवला. सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगावर ठेवला, कारण कुटाराची बारीक धूळ जिथं जात नाही तिथं काहीच जात नाही. सकाळच्या देवपूजेला लावला तो संध्याकाळी दिवा लावेपर्यंत आत्याबाईंच्या आवाजात ओरडत होता. वेलावर बसलेले पोपट तेवढे उडून गेले. मी दुकानात जाहीर केलं, की इतका कसोटीला उतरलेला माल आजपर्यंत आपल्याकडे आला नाही.

सगळं तपासलं आम्ही. फक्त एक केलं नाही. आत्याबाई त्यात नेमकं काय म्हणतात ते शेवटपर्यंत कुणी ऐकलं नाही. आमच्या घरात त्यांचं ओरडणं म्हणजे विहिरीवरच्या मोटरीचा आवाज. आहे की नाही एवढंच कळतं, शब्द कोण ऐकतो?

बाजाराच्या दिवशी स्पीकर कडुनिंबाच्या फांदीला टांगला. आत्याबाई पदर खोचून बसल्या, मी मापायला बसले. समोर वाटेपलीकडे सोजरबाई आधीच येऊन बसली होती.

सोजरबाईबद्दल सांगायला हवं. ती लसूण, अद्रक आणि वाळलेल्या मिरच्या विकते, आणि आत्याबाई या जागी बसायला लागल्या तेव्हापासून समोर बसते. दुपारी दोघींची भाकर एकत्र, हिचं बेसन, तिचा ठेचा. तिला एक खोड आहे. बाजार उठताना ती घरी न्यायला वांगी घ्यायला येते आणि दोन वांग्यांसाठी ढिगातलं एकेक वांगं अंगठ्यानं दाबून बघते. मग आत्याबाई तिला बाजारभर ऐकू जाईल असं झापतात. ती हसते. आत्याबाई मग स्वतःच दोन चांगली वांगी काढून तिच्या पदरात टाकतात आणि ती मूठभर लसूण यांच्या पोत्यावर ठेवते. हे झाल्याशिवाय दोघींचा बाजार संपत नाही.

तर मी बटण दाबलं. इंग्रजी बाई काहीतरी म्हणाली आणि मग आत्याबाई सुरू झाल्या. “या वो माय, काटेरी वांगी, भरून करा, भाजून करा, ताजा सांबार, या वो...” लोक वळले. आत्याबाईंनी माझ्याकडे अभिमानानं बघितलं. आणि तेवढ्यात स्पीकर तितक्याच खणखणीत आवाजात म्हणाला, “वांगं दाबू नको वो, सोजरबाई, रडते थे!” म्हणजे दाबलं की वांगं रडतं.

समोर सोजरबाई लसणाची टरफलं पाखडत होती. ती जागची हललीही नव्हती. तिनं वर बघितलं, हसली आणि पुन्हा पाखडायला लागली. पण हाक संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. थोड्या वेळानं स्पीकर पुन्हा म्हणाला, वांगं दाबू नको वो सोजरबाई. मग पुन्हा. आता आजूबाजूचे लोक सोजरबाई कोण ते शोधायला लागले. चहावाल्यानं तिथून ओरडून विचारलं, “सोजरबाई, काहून दाबून राह्यली वो बिचाऱ्या वांग्याले?” पोरं-सोरं आली. कुणीतरी येऊन तिच्या मिरच्याच दाबून बघितल्या.

मी शिवमला फोन लावला. “तुमी पूर्ण आयकलं नोतं काय हे?”

“तू आयकलं होतं काय?” तो म्हणाला. दुकान सोडून त्याला येता येईना, आणि मला फोनवर ती हाक कापता येईना. स्पीकर बंद करायला हात पुढे केला तर आत्याबाईंनी माझा हात धरला, कारण तोवर वांग्यांभोवती गर्दी जमली होती.

शेवटी सोजरबाई उठली आणि वाट ओलांडून आली.

“काय वो गिरजे, मी आज तुया वांग्याले बोट तरी लावलं काय? कायले बदनाम करून राह्यली मले?”

आत्याबाईंनी दोन्ही हात हलवले, स्पीकरकडे बोट दाखवलं, कपाळावर हात मारून घेतला. तोंड उघडलं आणि घट्ट मिटलं.

“तोंडानं बोल ना,” सोजरबाई म्हणाली. “पोराचं दुकान चालाले लागलं त आता मानसाशी बोलनं बंद? आता मशीन बोलन आमच्याशी?”

मी काही सांगणार तोच आत्याबाईंनी माझ्या मांडीला चिमटा घेतला, कारण बादलीवाला कान टवकारून बसला होता. सोजरबाई आपल्या जागी गेली, पण गप्प बसली नाही. स्पीकर म्हणायचा, वांगं दाबू नको वो सोजरबाई, आणि ती तिकडून ओरडायची, “दाबन, काय करशीन?” स्पीकर तिला काही उत्तर देत नसे, तो पुन्हा भरून करा, भाजून करा सुरू करायचा. लोकांना तर मेजवानीच झाली. बघायला आले ते वांगी घेऊन गेले. उन्हं डोक्यावर यायच्या आत ढीग संपला.

घरी जाताना आत्याबाईंचं पोतं रिकामं होतं आणि चेहरा पडलेला. दुपारी सोजरबाईनं पाठ करून एकटीनं भाकर खाल्ली होती. बाजार उठताना ती आली नाही. आत्याबाईंनी तिच्यासाठी बाजूला काढलेली दोन वांगी तशीच घरी आली, त्यांची भाजी केली तर आत्याबाई जेवल्या नाहीत. मामाजींनी खूप बोलून त्यांची समजूत काढायचा प्रयत्न केला, पण त्यांना सरावच नव्हता.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई दुकानात आल्या आणि शिवमच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या. दोन बोटांची कात्री करून दाखवली. शिवमनं सोजरबाईचं नाव आणि वांगं दाबणं नीट कापून काढलं. या वेळी आम्ही सगळ्यांनी बसून ती हाक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. स्वच्छ होती, कुणाचंही नाव नाही, कुणाचीही कुरापत नाही.

पुढच्या बाजारी स्पीकर पुन्हा फांदीला टांगला. सोजरबाई आली ती हिरवं कोरं लुगडं नेसून. केसांना तेल लावलेलं, कपाळावर कुंकू ठसठशीत. आमच्याकडे न बघता तिनं मिरच्या मांडल्या, कंबरेवर हात ठेवला आणि स्पीकरकडे तोंड करून बसली. आठवडाभर तिनं काय काय उत्तरं जुळवून आणली होती कुणास ठाऊक.

स्पीकर म्हणाला, या वो माय, काटेरी वांगी, भरून करा, भाजून करा, ताजा सांबार, या वो. आणि पुन्हा पहिल्यापासून.

सोजरबाईनं मान तिरकी केली. पुन्हा हाक झाली. तिचा हात कंबरेवरून खाली आला. गेल्या वेळची मजा बघायला काही जण मुद्दाम आले होते, ते जरा वेळ थांबले आणि निघून गेले. हाक चालूच होती, पण ती कुणाचीच नव्हती. माणसं ढिगाजवळून जात होती, न वळता. आत्याबाईंच्या हाका माणूस बघून जायच्या, हे मला तेव्हा कळलं. स्पीकर धूळ सोसतो, पाणी सोसतो, पण समोर कोण उभं आहे ते त्याला दिसत नाही. दुपार झाली तरी वांग्यांचा ढीग तसाच होता. सांबार माना टाकायला लागला होता. बादलीवाल्यानं एक पिवळी बादली आमच्या पोत्यावर सरकवली, थोडं थांबून दुसरी सरकवली.

आत्याबाईंनी बादल्यांकडे बघितलं. मग ढिगाकडे. मग त्यांनी पदर खोचला आणि उभ्या राहिल्या. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या, छाती भरली. मी ते लक्षण ओळखलं आणि हातातलं माप खाली ठेवलं. आतापर्यंतचे सगळे गप्प राहिलेले दिवस एका हाकेत जाणार होते.

“आत्याबाई, नका,” मी म्हणाले, पण त्या माझं ऐकत नव्हत्या.

तेवढ्यात सोजरबाई वाट ओलांडून आली. तरातरा आली, ढिगापुढे बसली, एक जाडजूड वांगं उचललं आणि अंगठा रुतेपर्यंत दाबलं. दाबलं आणि आत्याबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. दुसरं उचललं, तेही दाबलं. तिचे डोळे भरले होते, आणि ती झापून घेण्याची वाट बघत होती.

आत्याबाईंचं तोंड उघडलं. मी उठून सरळ त्यांच्या तोंडावर हात ठेवला. सुनेनं सासूच्या तोंडावर भर बाजारात हात ठेवायचा म्हणजे काय ते तुम्ही समजा, पण मी ठेवला.

“मावशी, त्याहिले बोलाची बंदी आहे,” मी म्हणाले. “घशात गाठी आल्या. होळीलोक एक शब्द बोलल्या त आवाज जाईन कायमचा. म्हणून थे मशीन लावलं.”

सोजरबाई वांगं हातात धरून बसून राहिली. “हिले? बोलाची बंदी?”

आत्याबाईंनी मान हलवली. माझा हात अजून त्यांच्या तोंडावरच होता.

“मंग मले काहून नाई सांगतलं?”

“कोनाले कळलं त जागा जाईन म्हणून.”

सोजरबाईनं त्या दोन बादल्यांकडे बघितलं. एक पाय लांब करून तिनं त्या ढकलल्या, एक बादलीवाल्याच्या मांडीवर गेली. “उचल बे तुहे डबे,” ती त्याला म्हणाली. त्यानं ते निमूट उचलले. मग ती माझ्याकडे वळली. “आन माहं नाव काहून काढलं त्याच्यातून?”

“तुमाले राग आला म्हणून, मावशी.”

“राग आला त काय झालं? मी का मेली होती, नाव काढाले?”

आत्याबाईंनी माझा हात तोंडावरून बाजूला केला आणि सोजरबाईचा दंड धरला. तेवढ्यात स्पीकरमधली इंग्रजी बाई म्हणाली, ‘बॅटरी लो’. भरवशाचा माल ऐन वेळी कच खातो तो असा. सकाळी घाईत चार्जिंग अर्धंच झालं होतं.

“तू चूप बस वो,” सोजरबाई तिला म्हणाली, आणि तिनंच हात वर करून तो बंद केला.

मग ती ढिगाशेजारी उभी राहिली, कंबरेवर हात ठेवले आणि आत्याबाईंच्या चालीत, आत्याबाईंच्याच हेलात ओरडली, “या वो माय, काटेरी वांगी, भरून करा, भाजून करा.” तिचा आवाज जाड, जरा फुटका, पण चाल हुबेहूब. इतकी वर्षं समोर बसून ऐकलेली. “ओ धनीबाई, पाव्हने आले ना तुयाकडं, सांबार ने. ओ तांड्यावरच्या सूनबाई, तोंड काहून फिरवतं?” माणसं वळायला लागली. शेवटी तिनं दम घेतला आणि स्वतःलाच झापलं, “वांगं दाबू नको वो, सोजरबाई, रडते थे!” आणि ते दाबलेलं वांगं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

चहावाला हसला, मग सगळी ओळ हसली. आत्याबाई आवाज न करता हसत होत्या, पोट धरून, आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. तिकडं सोजरबाईच्या मिरच्यांवर कुणीच नव्हतं, म्हणून मी जाऊन बसले. मला मिरचीतलं काही कळत नाही, पण ओरडता येतं. ढीग संपला. दुपारची भाकर त्या दिवशी उशिरा झाली, पण बेसन आणि ठेचा एका ताटात होता.

होळीपर्यंत दर बाजारी असंच चाललं. स्पीकर आम्ही नंतर दुकानात विकायला ठेवला. चांगला आहे, वाईट कशाला म्हणू? गिऱ्हाइकाला मी सगळं सांगते, धूळ सोसतो, पाणी सोसतो, सायकलवरून पडला तरी बोलतो, पूर्ण चार्ज केला तर दिवस काढतो. आणि शेवटी सांगते, की आत काय भरलं आहे ते लावायच्या आधी एकदा पूर्ण ऐकून घ्या.

होळी झाली आणि डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून बघितलं. गाठी बसल्या होत्या. हळू बोला, म्हणाले, ओरडायचं मात्र आता कायमचं सोडा. आत्याबाईंनी घरी येऊन पहिला शब्द मामाजींना उद्देशून काढला, आणि तो शब्द ‘चहा’ होता. मामाजींना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच उठून केला.

त्यानंतरच्या बाजारी त्यांनी कडुनिंबाखाली बसून ‘या वो’ म्हणून बघितलं. आवाज आला तो बारीक, खरबरीत, बादल्यांपर्यंतसुद्धा पोचला नाही. मी मापं पुसत खाली बघत राहिले. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला नाही. समोरून सोजरबाईनं न सांगताच हाक सुरू केली आणि बाजार नेहमीसारखा चालला.

बाजार उठताना सोजरबाई पदर झटकत आली आणि उरलेल्या वांग्यांपुढे बसली. एक उचललं, अंगठा लावला. आजूबाजूला टेम्पो लागत होते, दुकानदार पालं गुंडाळत होते, कंडक्टर शिट्या मारत होता.

“वांगं दाबू नको वो, सोजरबाई,” आत्याबाई म्हणाल्या. मी शेजारी बसले होते म्हणून मला ऐकू आलं, नाहीतर त्या गलक्यात ते कुणालाच कळलं नसतं.

सोजरबाईनं वांगं ढिगावर परत ठेवलं.

“आलं आयकू,” ती म्हणाली, आणि मूठभर लसूण पोत्यावर ठेवला.